पहिल्या धारेला लेबल

महाराष्ट्रात बाटलीची दोनच चित्रे सगळ्यांना ठाऊक आहेत. एक उभी आणि दुसरी आडवी. गावातले दारूचे दुकान राहावे की बंद व्हावे यासाठी मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर हीच दोन चित्रे असतात. बायका मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून घरी येतात. ज्या घरातले पैसे बाटलीत गेले, त्या घरात बाटलीचे कौतुक कोण करणार? तेव्हा कुटुंबाच्या पानावर घरी केलेल्या मद्याविषयी आणि त्याच्या बाटलीवरच्या लेबलाविषयी लिहायचे, तर वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या कपाळावर आठी पडणार हे गृहीत धरूनच सुरुवात करते.

परदेशात गेलेल्या आपल्या मराठी मंडळींना हे वाक्य विचित्र वाटणार नाही. अमेरिकेत घरी बिअर करणे हा रीतसर छंद आहे. शनिवारी सकाळी मोठ्या पातेल्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचे, म्हणजे माल्टचे, पाणी उकळायचे, त्यात हॉप्सची कडवट फुले टाकायची, ते गार करून यीस्ट घालायचे आणि झाकून ठेवायचे. दोनेक आठवड्यांत बुडबुडे थांबतात. मग खरी गंमत असते ती बाटल्या भरण्याची. बाटली शक्यतो तपकिरी काचेची घ्यायची, कारण उजेडाने हॉप्समधली द्रव्ये बिघडून बिअरला उग्र वास येतो. बाटली निर्जंतुक करायची, लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालायची, गळ्याशी दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडायची आणि पत्र्याचे दातेरी झाकण दाबून बसवायचे. हे झाकण म्हणजे लहानपणी सोड्याच्या बाटलीचे आपण गोळा करायचो तेच. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने 1892 साली त्याचे पेटंट घेतले. आत उरलेले यीस्ट ती चिमूटभर साखर खाते, वायू तयार करते, वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो आणि फेस येतो. साखर जास्त झाली किंवा आंबणे पुरते संपायच्या आत बाटली भरली, तर मध्यरात्री माळ्यावर फटाक्यासारखी बाटली फुटते.

आणि शेवटी लेबल. घरच्या प्रिंटरवर छापलेले, कधी मुलीने रंगवलेले, कधी पाडव्याची गुढी काढलेले. ते चिकटवायला या मंडळींची एक घरगुती युक्ती आहे. कागदाच्या मागे साधे दूध लावायचे. दूध वाळले की कागद घट्ट बसतो आणि पुढच्या खेपेला बाटली कोमट पाण्यात बुडवली की सहज सुटून येतो. आपल्याकडे पतंगाला खळ लावतात, त्याचाच हा गोरा भाऊ म्हणायचा.

हा छंद तिकडेही पूर्वीपासून मोकळा नव्हता. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागत असे, तो 1963 साली काढून टाकला. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. एकट्या प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन, दोघे किंवा अधिक प्रौढ असतील तर 200 गॅलन. अट एकच, विकायची नाही. प्या, पाजा, भेट द्या, पण पैसे घेऊ नका.

आपल्याकडे असे काही करायचे मनात आणू नये. महाराष्ट्र असो वा मध्य प्रदेश, परवान्यावाचून घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. पुण्यात 2009 साली दूलाली सुरू झाली आणि ताजी, तिथेच बनवलेली बिअर मराठी माणसाला पहिल्यांदा प्यायला मिळाली, पण ती परवानाधारकाकडची, घरची नव्हे.

मात्र मध्य प्रदेशच्या अबकारी कायद्यात एक खिडकी आहे. आदिवासी भागांतल्या अनुसूचित जमातींच्या लोकांना घरच्या वापरापुरती आणि सणासमारंभापुरती, ठरवून दिलेल्या मर्यादेत, मोहाची दारू गाळायला आणि जवळ बाळगायला सूट आहे. विकायला नाही. वाचकांच्या लक्षात आले असेल, अट तीच आहे जी अमेरिकेत आहे. पण तिथे तिच्यातून छंद निघाला, मासिके निघाली, स्पर्धा निघाल्या, सुंदर लेबले निघाली. इथे तिच्यातून निघाला प्लॅस्टिकचा पिवळा कॅन आणि रात्री दारात येणारा शिपाई.

धार आणि धार

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला पवारांमुळे ठाऊक. बाजीरावांबरोबर माळव्यात गेलेल्या या घराण्याची एक गादी धारला, आणि देवासला तर एकाच गावात दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. कुमार गंधर्व 1948 पासून देवासला राहिले, त्यामुळे गाण्यावर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाची ती एक वारीची जागाही झाली. पण पवारांचा वाडा आणि टेकडीवरची देवी पाहून आपण परततो, आणि या दोन जिल्ह्यांचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, जिथे विंध्य उतरून नर्मदेला भेटतो, आपल्या नजरेतून सुटतो. धारमधले कुक्षी, डही, बाग, गंधवानी. देवासमधले बागली आणि उदयनगर. तिथे भिल्ल, भिलाला, बारेला राहतात, आणि तिथे मोह आहे. नर्मदा ओलांडून बडवानीमार्गे सातपुड्यात उतरले की आपले धडगाव-अक्कलकुवा. झाड तेच आणि माणसेही बरीचशी तीच.

होळीच्या आगेमागे मोहाचे झाड जवळजवळ निष्पर्ण होते आणि पहाटेच्या आधी फुले गळू लागतात. फिकट पिवळी, मांसल, बोटाने दाबली तर रस सुटणारी. बायका आणि पोरे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण उशीर झाला की गुरे, अस्वले आणि ऊन यांतले कोणीतरी आधी पोहोचते. फुले वाळवली की मनुक्यासारखी तांबूस होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून मोह हा आधी धान्य आहे आणि मग दारू. भाकरीत, लाडवात, भाजून, उकडून, टंचाईच्या वर्षी पोटाला आधार म्हणून मोह खाल्लेला आहे. फुलांनंतर येणाऱ्या टोळंबीचे तेल निघते ते वेगळेच.

दारूसाठी वाळली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. पोलिसांच्या पंचनाम्यात ज्याला 'सडवा' किंवा 'रसायन' म्हणतात ते हेच. मग हंडी चुलीवर चढते, तोंड माती किंवा पिठाने लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते आणि थेंब पडू लागतात. पहिली धार सगळ्यांत कडक. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग तर आपण न पिणारेसुद्धा वापरतो. गंमत अशी, की आधुनिक कारखान्यात नेमका हाच पहिला भाग बाजूला काढून टाकतात. जी द्रव्ये दारूपेक्षा कमी उष्णतेला उडतात, ज्यांनी डोके धरते आणि जी शरीराला अधिक घातक, ती पहिल्या थेंबांत जास्त असतात. मधली धार बाटलीत जाते आणि शेवटची पुन्हा हंडीत. अनुभवी हातांना हा फरक वासावरून कळतो, पण बाजारात 'पहिल्या धारेची' मागणारे गिऱ्हाईक असेल तर हात काय करणार?

घरी गाळलेल्या दारूचा पहिला उपयोग पिण्याचा नसतोच. पानाच्या द्रोणातून दोन थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने. लग्न ठरवताना, भांडण मिटवताना, नवे धान्य आल्यावर, मयतीला, प्रत्येक ठिकाणी ती लागते. आपल्याकडच्या सुपारीचे आणि नारळाचे काम तिथे ती करते असे म्हटले तर फार चुकणार नाही.

बिअरशी तुलनाच करायची तर ती मोहाशी नव्हे, ताडीशी करावी. मोह हा ब्रँडीचा नातलग, गाळलेला. ताडी मात्र बिअरसारखी नुसती आंबलेली, आणि अल्कोहोलही चार-पाच टक्क्यांच्या आसपासच. झाडावर मडके बांधलेले असते तेव्हापासूनच हवेतले यीस्ट कामाला लागते. सकाळी गोड, दुपारी आंबट, दुसऱ्या दिवशी शिरका. तिला साखर घालावी लागत नाही आणि थांबवताही येत नाही. घट्ट बूच मारून बाटली ठेवली तर ती फुटणार. श्रीलंकेत माडाची ताडी कारखान्यात प्रक्रिया करून बाटल्यांत भरतात, पण कुक्षीच्या ताडवृक्षाखाली ते शक्य नाही आणि कोणाला त्याची गरजही वाटत नाही. भगोरियाच्या हाटात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, ती मडक्यातून ओतली जाते आणि त्या दिवशीच संपते. गाळलेली मोहाची मात्र टिकते, म्हणून बाटली आणि लेबल हा प्रश्न तिच्याच वाट्याला आला.

चिठ्ठीची किंमत

देवासमध्ये सत्तरच्या दशकापासून नोटा छापण्याचा कारखाना आहे. शाईसुद्धा तिथेच तयार होते. एका कागदावर ठरलेली शाई ठरल्या रीतीने उमटली की त्याचे शंभर रुपये होतात, हे त्या गावाला वेगळे शिकवायला नको. लेबलाचेही तसेच आहे. आतला माल तोच. वर कागद नाही तोवर तो हातभट्टीचा आणि कागद लागला की 'उत्पादन'.

व्यापारात या कागदाला किती मान आहे याचा दाखला बिअरचाच आहे. ब्रिटनमध्ये बोधचिन्हांची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1876 रोजी सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकाला जे चिन्ह नोंदले गेले ते बास कंपनीच्या बिअरवरचा लाल त्रिकोण. फ्रेंच चित्रकार माने याने 1882 मध्ये पॅरिसच्या एका बारचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यातही काउंटरवरच्या बाटलीवर हा लाल त्रिकोण दिसतो. एका गावच्या भट्टीची खूण अशी थेट कलादालनात जाऊन बसली.

पण लेबल म्हणजे नुसती शोभा नव्हे. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्याविषयीचे नियम 1 एप्रिल 2019 पासून लागू झाले. बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण हवे, उत्पादकाचे नाव-पत्ता हवा, मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा हवा, आणि तो वाचता येईल एवढ्या अक्षरात हवा. पौष्टिक असल्याचा दावा करायचा नाही. मोह औषधी आहे, थकवा घालवतो, असे गावोगाव सांगितले जाते. लेबलावर ते लिहिता येणार नाही, आणि माझ्या मते हे योग्यच आहे.

या चिठ्ठीची खरी किंमत कळते ती विषारी दारूच्या बातमीत. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभरावर माणसे गेली. मध्य प्रदेशात मोरेना जिल्ह्यात जानेवारी 2021 मध्ये वीसहून अधिक. अशी माणसे मरतात ती बहुधा कारखान्यातले मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. त्यात घरच्या मोहाचा दोष नसतो. पण मोरेनानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशाने कायदा कडक करून विषारी दारूच्या गुन्ह्याला फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली, आणि बिनलेबलाची प्रत्येक बाटली संशयित झाली. मारली ती चोरट्यांनी, आणि छापा पडतो आजीच्या हंडीवर.

मोंड आणि मोहुलो

नोव्हेंबर 2021 मध्ये मंडला येथे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जाहीर केले, की मोहाची दारू यापुढे 'हेरिटेज' मद्य म्हणून विकता येईल. पुढच्या वर्षीच्या अबकारी धोरणात ते आले. आदिवासींच्या स्वयंसहायता गटांनी ती बनवायची आणि सरकारने करात सवलत द्यायची, अशी कल्पना. दोन ठिकाणी प्रयोग झाला. पूर्वेकडे दिंडोरी जिल्ह्यात 'मोहुलो', आणि पश्चिमेला, धारला लागून असलेल्या अलीराजपूरच्या कट्ठीवाडा भागात 'मोंड'. 2023 मध्ये या बाटल्या पर्यटन महामंडळाच्या हॉटेलांपर्यंत पोहोचल्या.

गोव्याने ही वाट आधी चालून दाखवली होती. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटले. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीलाही 2018 मध्ये मानांकन मिळालेच. कोंबडीला मान मिळाला तर मोहाला का नको, असे अलीराजपूरच्या माणसाला वाटले तर नवल नाही.

कागदावर सगळे छान आहे. प्रत्यक्षात काही प्रश्न उरतात. पर्यटकाच्या टेबलावर जाणारी बाटली आणि हाटात द्रोणातून मिळणारी दारू यांच्या किमतीत मोठे अंतर आहे, तेव्हा गावातला माणूस 'मोंड' विकत घेणार नाही हे उघड आहे. ज्या आजीला हंडीची पाच पिढ्यांची माहिती आहे तिला तापमापी, पितळी नळ आणि नोंदवहीचे शिक्षण नव्याने घ्यावे लागते. आणि गटाला परवाना मिळाला तरी शेजारच्या फळ्यातल्या बाईची अडचण तशीच राहते. तिच्या कॅनला अजूनही लेबल नाही.

फुलांचा भाव हा त्याहून मोठा प्रश्न. 2020 मध्ये मध्य प्रदेशाने वाळल्या मोहाचा आधारभूत दर किलोला 35 रुपये केला. हाताला पैसा नसतो म्हणून एप्रिलमध्ये फुले व्यापाऱ्याच्या गोदामात जातात आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत विकत घ्यावी लागतात. इकडे झाडाखाली हिरवी जाळी बांधून, फूल मातीला न लागू देता गोळा केले तर खाद्य दर्जाचे म्हणून त्याला कितीतरी जास्त भाव मिळू लागला आहे. जाळी बांधली म्हणजे खालचा पाचोळा जाळावा लागत नाही, जंगलाला आग लागत नाही, हा आणखी एक फायदा. एक बाटली विकण्यापेक्षा एक जाळी जास्त घरांना उपयोगी पडेल असे मला वाटते.

आता चित्राचा प्रश्न. अशा बाटलीवर काय छापावे? मुंबई-दिल्लीच्या कलाकाराला विचारले तर तो पहिल्या दहा मिनिटांत पिठोऱ्याचे घोडे काढील. पिठोरा दिसतोही देखणा. भाबऱ्याचे पेमा फत्या यांनी तो जगभर नेला, आणि पिटोलच्या भुरीबाईंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा भिल्ल चित्रकलेची चर्चा घरोघरी झाली. पण पिठोरा हे शोभेचे चित्र नाही. तो नवसाचा असतो, भिंतीवर 'लिहिला' जातो, त्याच्यापुढे मोहाची धार सोडतात. देवाला जी दारू वाहायची, तिच्याच बाटलीवर देवाचे घोडे छापायचे आणि रिकामी बाटली भंगारात टाकायची, हे मला खटकते. आपण गणपती छापलेल्या पिशवीत कचरा टाकायला बिचकतो, तसेच ते.

त्यापेक्षा धार जिल्ह्यात बागचा छापा आहे. बाघिनी नदीच्या पाण्यात धुतलेले, लोखंडाच्या गंजाचा काळा आणि तुरटी-आलच्या परंपरेतला लाल, असे दोनच मुख्य रंग. खत्री कारागिरांच्या लाकडी ठशांतली वेलबुट्टी लहान कागदावर अगदी नेटकी बसते, छपाईला दोन रंग म्हणजे खर्च कमी, आणि माल व चिठ्ठी दोन्ही एकाच जिल्ह्याची. फक्त ठसेवाल्याचे नाव मागच्या बाजूला लिहावे आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. नाही तर नुसते मोहाचे एक पान काढावे, तेही पुरे.

स्वतःचे लेबल लावायला आदिवासी बायकांना कोणी शिकवावे लागते असे मात्र समजू नये. देवासच्या बागली भागात 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था 1990 पासून काम करते. तिच्या पुढाकाराने गावातल्या बायका शिवण शिकल्या आणि 'कुंबाया' या नावाचे कपडे, गोधड्या, पिशव्या करू लागल्या. ज्या हातांनी कधी यंत्र पाहिले नव्हते त्यांनी मानेमागे लागणारी ती इवलीशी कापडी पट्टी शिवली. दारूच्या बाटलीला जे जमवायला सरकारला धोरण आणावे लागले, ते कापडाच्या बाबतीत त्यांनी आधीच करून ठेवले होते.

आडव्या बाटलीला मत देणाऱ्या भगिनींचे काय, हा प्रश्न मी विसरलेले नाही. धारमध्येही नवऱ्याच्या पिण्याने मोडलेली घरे आहेत, आणि तिथल्या बायकाही दुकानांविरुद्ध उभ्या राहतात. नोव्हेंबर 2022 मध्ये मध्य प्रदेशात पेसा कायद्याचे नियम आले, त्यांत अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावात दारूचे दुकान हवे की नको यावर बोलण्याचा अधिकार मिळाला. गंमत म्हणजे ज्या ग्रामसभेने ठेकेदाराच्या इंग्रजी दारूला नाही म्हणायचे, तिच्याच सभासद बायका घरी हंडी चढवतात, आणि त्यांना यात विसंगती वाटत नाही. घरात गाळलेली किती आणि कोणाला द्यायची हे हंडीवाली ठरवते. दुकानातली किती प्यायची हे नवऱ्याचा खिसा ठरवतो.

बाटलीच्या मागच्या लेबलावर बारीक अक्षरात एक ओळ असते, 'उत्पादक'. तिच्यापुढे ठेकेदाराचे नाव येते की कट्ठीवाड्याच्या, उद्या कदाचित डही-गंधवानीच्याही, बायकांच्या गटाचे, तेवढे बाटली विकत घेणाऱ्याने उलटवून पाहावे. समोरचे चित्र कसेही असले तरी चालेल.